बिलावर लिहिलेली जाडी

मे महिना लागला की डोंबिवलीतल्या आमच्या गॅरेजसमोर पिवळ्या व्हॅन उभ्या राहू लागतात. शाळांना सुट्टी असते, मुलं गावाला गेलेली असतात आणि वर्षभर पहाटेपासून पळणाऱ्या गाड्यांना याच दिवसांत उसंत मिळते. जूनच्या मध्यावर शाळा उघडायच्या आत पासिंग करायचं असतं, इन्शुरन्सचा हप्ता असतो, कुठे पत्रा सडलेला असतो, कुठे सीट फाटलेली असते. व्हॅनवाल्या काकांची यादी लांब असते आणि नेमका याच महिन्यात त्यांचा हात आखडलेला असतो, कारण सुट्टीच्या महिन्याचे पैसे सगळेच पालक देतात असं नाही. त्यामुळे ब्रेकचं काम यादीत शेवटी जातं. "दादा, पॅड टाका, डिस्क लेथवर मारून आणा, पासिंग निघालं की झालं," असं दर उन्हाळ्यात मला कुणी ना कुणी म्हणतं.

या मागणीत लबाडी नसते. ब्रेक नीट लागतोय असं चालवणाऱ्याला खरंच वाटत असतं. डिस्क एका दिवसात झिजत नाही. ती रोज कणाकणाने उतरते, आणि रोज त्याच गाडीत बसणाऱ्या पायाला तो बदल कळत नाही. कालच्या पेडलपेक्षा आजचं पेडल वेगळं लागत नाही, मग बिघडलंय म्हणायचं कशावरून? म्हणून माझ्या कामाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. डिस्क मोजायची, आकडा लिहायचा आणि तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. ब्रेकच्या बाबतीत सवयीवर भरवसा ठेवता येत नाही, हे इतकी वर्षं चाकांपाशी बसून माझं पक्कं मत झालं आहे.

मी अंबरनाथच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आणि ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात कामाला लागलो. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली ती याच वागळे इस्टेटमधून. मी होतो तेव्हा तिथे जवळपास लेथवाले पुष्कळ होते. डिस्क किंवा ड्रम हातात घेऊन चालत जायचं, टर्न करून परत यायचं. आमच्या उस्तादांची बोटं तयार होती. डिस्कच्या कडेवरून नख फिरवायचे आणि सांगायचे, चालेल की जाईल. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, आणि त्या बोटांबद्दल मला आजही आदर आहे.

मोजायची सवय मात्र मला डोंबिवलीत लागली. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा मोटार कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ गाडी तयार होत असे. कारखान्यातलं काम थांबल्यानंतर तिथे इन्स्पेक्शनला असलेले एक गृहस्थ आमच्याकडे येऊन बसत. मायक्रोमीटर धरायचा कसा, आधी शून्य तपासायचं कसं, रॅचेट किती फिरवायचं, हे त्यांनी मला शिकवलं. एका जागी मोजून थांबायचं नाही, चकतीभोवती सहा-आठ ठिकाणी मोजायचं, हेही त्यांचंच. ते म्हणत, बोट सांगतं ते तुला पटेल, आकडा सांगतो ते गिऱ्हाइकालाही पटेल. पुढे माझा सगळा धंदा या शिकवणीवर चालला.

डिस्क, म्हणजेच ब्रेकचा रोटर, ही पुढच्या चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. पेडल दाबलं की कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही अंगांनी आवळतात आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. बीड वापरायला कारणं आहेत. ते उष्णता झटकन पसरवतं, घर्षणाला टिकतं, त्यातलं ग्राफाइट कंप जिरवतं आणि ओतायला स्वस्त पडतं. फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ सालीच घेतलं होतं, पण या ब्रेकचा खरा दबदबा झाला तो १९५३ साली ल माँची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या गाड्यांवर जिंकली तेव्हा. उघडी चकती वाऱ्यावर लवकर निवते, बंद ड्रमच्या आतली उष्णता आतच कोंडते. लांब शर्यतीत हा फरक मोठा ठरला.

उष्णता किती, याचा हिशेब मी नव्या पोरांकडून एकदा तरी कागदावर करून घेतो. सात माणसं बसलेली व्हॅन धरा १४०० किलोंची. ताशी ८० किलोमीटरवरून ती थांबवायची तर सुमारे ३४५ किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात लिटरभर पाणी उकळतं आणि वर थोडी उष्णता उरते. हीच गाडी ४० च्या वेगात असेल तर उष्णता याच्या चौथा हिस्सा. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. त्यात ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे यातला मोठा वाटा पुढच्या दोन चकत्यांना सोसावा लागतो. चकती जितकी जाड तितकं उष्णता पोटात घ्यायला लोखंड जास्त. पातळ झालेली चकती तेवढ्याच उष्णतेत जास्त तापते, तडकू शकते, आणि तापलेले पॅड तिला नीट धरत नाहीत. किमान जाडीचा आकडा कंपनी डिस्कच्या कडेवर कोरते तो यासाठी. बहुतेक चकत्यांत नवी जाडी आणि ही किमान जाडी यांत दोनेक मिलिमीटरचंच अंतर असतं. गाडीवाल्याच्या हातात झिजण्यासाठी एवढीच शिल्लक असते.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्या म्हणजे मुख्यतः ओम्नी आणि ईको. ओम्नी १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत होती. ईको २०१० पासून आहे. त्याशिवाय कंपन्यांच्या स्टाफला नेणाऱ्या ट्रॅव्हलर आणि विंगर. छोट्या व्हॅनला कधी एकच काम नसतं. सकाळी शाळा, दुपारी पार्सल, लग्नसराईत मांडवाचं सामान. सीट काढून पोती भरलेली व्हॅनही मी पाहिली आहे. जिच्या चकत्या मुलं नेताना वर्षं काढतात, त्याच गाडीवर ओझं लादलं की त्या लवकर उतरतात. म्हणून किती किलोमीटरला डिस्क बदलायची, या प्रश्नाला मी कधी आकड्यात उत्तर देत नाही. गाडी काय वाहते आणि कुठल्या रस्त्याने वाहते, हे विचारतो.

आमचे रस्ते ब्रेकला आपल्या पद्धतीने खातात. कल्याण-शीळ रस्ता, घोडबंदर रस्ता, माजिवड्याचा नाका, कुठे ना कुठे काम चालू असतं, मेट्रोचं, पुलाचं, काँक्रीटचं. त्या कामांची बारीक रेती आणि सिमेंटची धूळ पॅड आणि डिस्कच्या मध्ये सापडते आणि चकतीवर गोल गोल रेघा ओढते. नख अडकेल एवढ्या खोल रेघा असल्या की पॅडचा अख्खा चेहरा चकतीला टेकत नाही.

दुसरा प्रकार मुंब्रा बायपासवाल्यांचा. ठाण्याहून येणारी भरलेली व्हॅन बायपासचा उतार ब्रेकवर उतरते, चकत्या तापलेल्या असतात, आणि खाली शीळफाट्याच्या कोंडीत येऊन ती उभी राहते. चालक पेडलवर पाय गच्च दाबून बसतो. तापलेली चकती ज्या जागी पॅडखाली दबलेली असते तिथे पॅडचा माल तिच्यावर चिकटतो. असे डाग बसत गेले की पुढे ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं. अशा चालकांना मी एवढंच सांगतो, की उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि सपाटीवर थांबल्यावर पाय सैल करून हँडब्रेक ओढा. मागचे ब्रेक ड्रमचे असतात, पुढची चकती तेवढ्यात मोकळी होते. बरेच जण ऐकतात आणि त्यांच्या गाड्यांत फरक दिसतो.

तिसरं कारण गंज. खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. रात्रभर उभ्या गाडीच्या चकतीवर सकाळी तांबूस थर दिसतो, तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. पण दिवाळीत नाहीतर मे महिन्यात गाडी आठवडेच्या आठवडे एका जागी राहिली की गंज खोल जातो आणि चकतीवर खड्डे पडतात. कॅलिपरच्या पिना सुकून जाम होतात. मग एक पॅड पूर्ण संपतो आणि दुसरा नव्यासारखा राहतो. एकाच चाकावरचे दोन पॅड असे विषम निघाले की मी डिस्कआधी पिना तपासतो. ते कारण दूर केलं नाही तर नवी डिस्कही तशीच जाईल.

एका उन्हाळ्यात शाळेची एक ईको आली. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलायचं, हळू वेगात पेडल पायाखाली वरखाली व्हायचं. काकांनी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे डिस्क भरपूर जाड आहे, टर्न करून भागेल, असं सांगितलं होतं. तिथे व्हर्नियर लावला होता. झिजलेल्या चकतीच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली एक धार शिल्लक राहते, कारण पॅड तिथपर्यंत पोचत नाही. व्हर्नियरचे सरळ जबडे नेमके त्या धारेवर बसतात आणि जाडी जास्त दाखवतात. मायक्रोमीटरचं टोक धारेच्या आत, पॅड घासतो तिथे जातं. मी मोजलं तेव्हा दोन्ही चकत्या किमान जाडीला येऊन टेकलेल्या होत्या. लेथवर मारल्या असत्या तर आकड्याच्या खाली गेल्या असत्या.

मी काम करायला नकार दिला. काका नाराज झाले. "पंधरा वर्षं मुलं नेतोय, एक ओरखडा नाही," म्हणाले, आणि ते खरं होतं. मी वाद घातला नाही. चाक उतरवलेलंच होतं. त्यांना शेजारी बसवलं, कडेवर कोरलेला आकडा बॅटरीच्या उजेडात दाखवला, मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडूनच मोजून घेतलं. मग शेल्फवरची नवी डिस्क मोजायला लावली. दोन आकडे त्यांनी स्वतः वाचले आणि पुढचं बोलणं फक्त पैशांचं उरलं. एकच बाजू बदलली तर, असं त्यांनी विचारलं. नव्या आणि जुन्या चकतीची पकड सारखी राहत नाही, ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढेल, डिस्क जोडीनेच बदलायची. अर्धे पैसे तेव्हा, उरलेले शाळा सुरू झाल्यावर, असं ठरलं. त्यांनी ते वेळेवर दिले. शाळेच्या व्हॅनला ब्रेकचं काम उधारीवर करून द्यायचं, हे मी तेव्हापासून ठरवून टाकलं आहे. सीटकव्हर थांबू शकतं.

प्रत्येक थरथरीला डिस्कच दोषी असते असंही नाही. ठाण्याला कासारवडवलीच्या बाजूने पार्सलची एक व्हॅन आली होती. नव्या डिस्क टाकून काही महिने झाले होते आणि थरथर पुन्हा सुरू झाली होती. आमच्या धंद्यात अशा वेळी "डिस्क वाकडी झाली" असं म्हणून मोकळे होतात. मी डिस्क उतरवली, तर हबच्या ज्या चेहऱ्यावर ती बसते तिथे गंजाचा पापुद्रा तसाच होता. पापुद्रा कागदाएवढा पातळ असला तरी चकती सरळ बसत नाही. फिरताना तिची कड डोलते आणि ब्रेक दाबला नसतानाही दर फेऱ्यात एकाच जागी पॅडला चाटून जाते. ती जागा हळूहळू पातळ होते. जाडीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा फरक पडला तरी पायाला थरथर लागू शकते. चकती वाकलेली नव्हती, एका जागी चाटून चाटून पातळ झाली होती. हब तारेच्या ब्रशने उजळ केला, नवी जोडी बसवली आणि डायल गेज लावून फिरवून पाहिली. काटा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या बराच आत राहिला. गंज काढायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. तेवढी दिली नाहीत म्हणून एका मालवाहू माणसाचे दोन जोड्यांचे पैसे गेले.

डिस्क बदलण्याचं काम अवघड नाही, पण त्यात क्रमाला महत्त्व आहे. गाडी सपाटीवर घ्यायची, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅकवर उचलली की खाली घोडी लावायची. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली माझ्याकडे कुणी हात घालत नाही. कॅलिपर सोडला की तो तारेने वर टांगायचा. रबरी होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो आणि ते बाहेरून दिसतही नाही. गंजाने धरलेली डिस्क हातोड्याने बडवण्याआधी गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं. बऱ्याच डिस्कमध्ये आट्यांची दोन भोकं असतात, त्यात बोल्ट आवळत गेलं की चकती आपोआप पुढे सरकते. ब्रेकची काळी धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि आजही हातात आलेल्या मालात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ओलं फडकं किंवा ब्रेक क्लीनर वापरायचा. माझ्या उमेदीच्या वर्षांत गॅरेजमधली पोरं तोंडाने फुंकर मारायची. आता मी ते होऊ देत नाही.

नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो पूर्ण पुसायचा. नव्या डिस्कबरोबर पॅड नवेच घ्यायचे, कारण जुन्या पॅडवर जुन्या चकतीच्या रेघा उमटलेल्या असतात. पिनांना उष्णता सोसणारं ग्रीस लावायचं, साधं ग्रीस वितळून पॅडवर येऊ शकतं. कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं, ते सांडून रंगावर पडू द्यायचं नाही. चाकाचे नट समोरासमोरचे घेत, टॉर्क पान्याने, सारखे आवळायचे, कारण वेडेवाकडे आवळलेले नटही चकती डोलवतात. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं. मागे दाबलेला पिस्टन पहिल्या दाबात पॅडपर्यंत पोचत नाही. हे विसरून गाडी गॅरेजबाहेर काढली तर समोरच्या रिक्षापाशी ब्रेक लागणार नाही.

यानंतरचा भाग गिऱ्हाइकाला सांगितला नाही तर सगळी मेहनत अर्धी राहते. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना जुळायला वेळ लागतो. मी गाडी भल्या सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यांवर घेऊन जातो, पाळी सुटायच्या आधी, रस्ता मोकळा असतो तेव्हा. पन्नासच्या वेगातून दहापर्यंत बेताच्या दाबाने यायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, मध्ये चकतीला निवायला वेळ द्यायचा. असं काही वेळा केलं की पॅडचा पातळ सारखा थर चकतीवर बसतो. पहिले काही दिवस कचकन ब्रेक मारण्याची वेळ येईल असं चालवू नका, असं सांगून मी किल्ली देतो.

पावसाळ्यात कामाचं रूप बदलतं. २६ जुलै २००५ आणि मग २०१९ च्या जुलैत उल्हास नदी फुगली तेव्हा कल्याणच्या सखल भागात पाणी चढलं. अशा पुरानंतर लोक इंजिन आणि सीट पाहतात. गाडी चालू झाली की सुटलो म्हणतात. पुराचा गाळ मागच्या ड्रममध्ये बसलेला असतो, पुढच्या पिनांच्या रबरात पाणी शिरलेलं असतं, बेअरिंगचं ग्रीस गेलेलं असतं. पुरात बुडालेली गाडी चारही चाकं उघडल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये. एरवीही साचलेल्या पाण्यातून बाहेर पडलात तर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून पाहा, चकत्या सुकतात आणि पकड परत येते.

श्रावणात माळशेज घाटात जाणाऱ्या आणि गणपतीला कोकणात उतरणाऱ्या व्हॅन येतात. त्यांच्यासाठी डिस्कबरोबर ब्रेक ऑइल पाहणं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. हे तेल हवेतली ओल शोषतं. मानकाप्रमाणे नवं डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात पातळ झालेली चकती जास्त तापते, ती उष्णता पिस्टनमधून तेलात जाते, तेलात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल तळाला जातं आणि गाडी तशीच पुढे जात राहते. घाटात ब्रेक "गेला" असं आपण ऐकतो त्यातल्या काही घटनांमागे हेच कारण असतं. उपाय साधा आहे. दोन वर्षांनी तेल बदला, उतारावर गिअर खालचा ठेवा, वास आला की बाजूला घेऊन थांबा. आणि तापलेल्या चाकावर पाण्याची बाटली ओतू नका. लाल व्हायच्या बेतात असलेलं बीड एकदम थंड पडलं की तडकतं. लांबून येऊन थेट वॉशिंग सेंटरवर चाकांवर फवारा मारून घेणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. आधी अर्धा तास उभी करा.

एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. ही फार चांगली गोष्ट झाली. ओल्या रस्त्यावर चाक लॉक न होता गाडी वळवता येते, आणि ते किती मोलाचं आहे हे पावसात पत्री पुलावरून उतरणाऱ्यांना सांगायला नको. पण एबीएस चकतीला जाडी देत नाही. दिवा पेटला नाही म्हणजे ब्रेक ठीक, असं नवे गाडीवाले धरून चालतात. तो दिवा सेन्सरबद्दल सांगतो, झिजलेल्या बिडाबद्दल काही सांगत नाही. तसंच नकली मालाचं. वरून सारखी दिसणारी डिस्क हातात घेतली की हलकी लागते, कडेवर किमान जाडी कोरलेली नसते, मोजली तर जागोजागी आकडा बदलतो. स्वस्त पडते म्हणून लोक घेतात. मी ती बसवत नाही, आणि का बसवत नाही हे मोजून दाखवतो.

आरटीओच्या फिटनेस तपासणीत ब्रेक ट्रॅकवर पाहिला जातो. त्यासाठी २५० मीटरचे ट्रॅक हवेत, हा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाने धरला तेव्हा धंद्यातल्या अनेकांना तो त्रास वाटला होता. मला तो योग्य वाटला. तरीही ट्रॅकवर कळतं ते त्या दिवसापुरतं. गाडी त्या दिवशी थांबली, एवढंच ते सांगतं. चकती पुढचं वर्ष काढेल की दोन महिन्यांत आकड्याखाली जाईल, हे जाडीतूनच कळतं. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं पासिंग दोन वर्षांनी असतं, आणि दोन वर्षांत शाळेची व्हॅन केवढं धावते ते सगळे जाणतात.

म्हणून माझ्या प्रत्येक बिलावर चार गोष्टी असतात. डाव्या चकतीची जाडी, उजव्या चकतीची जाडी, किलोमीटर आणि तारीख. शेजारी कंसात कंपनीची किमान जाडी. पुढच्या वेळी गाडी आली की दोन बिलं समोरासमोर ठेवतो आणि किती किलोमीटरला किती उतरली ते गिऱ्हाईक स्वतः पाहतं. पुढच्या मे महिन्यात खर्च येणार आहे हे त्याला डिसेंबरातच समजतं आणि तो थोडे थोडे पैसे बाजूला टाकू शकतो. गरीब माणसाला खर्चाची आगाऊ खबर देणं ही मोठी मदत आहे, हे मी या बिलांवरून शिकलो.

महाराष्ट्रात शाळेच्या बसगाड्यांसाठी २०११ चे नियम आहेत आणि त्यांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. त्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. समिती परमिट पाहते, इन्शुरन्स पाहते, फिटनेसचा कागद पाहते. माझी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या पालकांना कळकळीची विनंती आहे, की त्या फाइलमध्ये आणखी एक कागद मागा. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, पुढच्या दोन्ही चकत्यांची जाडी आणि किमान जाडी लिहिलेला, गॅरेजच्या सहीचा. मोजायला प्रत्येक चाकाला काही मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे मी घेत नाही, बहुतेक मेकॅनिक घेणार नाहीत. आकडा कमी निघाला तर तो एकट्या काकांच्या डोक्यावर टाकू नका. एका व्हॅनमधल्या मुलांच्या घरांत वाटला तर नव्या जोडीचा खर्च प्रत्येकाला झेपेल एवढाच येतो. मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाला पेडल किती खोल जातं हे कळायचा मार्ग नाही. ते जाणून घेणं आपल्याकडे, मोठ्यांकडे आहे. आमच्याकडे मायक्रोमीटर आहे, तुम्ही फक्त आकडा विचारायला लागा.